वाढणं आपलं, खाणं तिचं

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक ३ वर्षं ७ महिन्यांची. वजन १३ किलो २०० ग्रॅम, उंची ९५ सेंटिमीटर. वरणभात मिक्सरमधून फिरवून दिला तरच खाते. दिवसातून तीनदा मोठा पेला भरून दूध, त्यातलं रात्रीचं बाटलीने. मध्ये बिस्किटं, केळं, आणि संध्याकाळी आजोबांनी आणलेलं पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. भाजी दिसली की तोंड मिटतं. जेवण सव्वा तास चालतं, समोर मोबाइल असतो, आजी वाटी घेऊन मागे फिरतात आणि शेवटी कुणीतरी रडतं. आईचे प्रश्न दोन: हिला भाज्या कशा खायला लावू? आणि भूक वाढवण्याचं एखादं औषध सुरू करू का?

ताई, बालआहाराच्या कामात मला बावीस वर्षं झाली. तुमच्या पत्रासारखी पत्रं आठवड्याला चार-पाच येतात, तेव्हा तुमच्या घरात काहीतरी जगावेगळं बिघडलंय असं मनात आणू नका. उत्तर लांब होणार आहे, कारण भाजी हा यातला शेवटचा भाग आहे. त्याआधी बरंच काही नीट करावं लागेल.

सुरुवात वजनापासून करू, कारण सगळ्या घराची झोप त्यानेच उडवली आहे. ३ वर्षं ७ महिन्यांच्या मुलीसाठी १३ किलो २०० ग्रॅम हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यावर मधल्या रेषेच्या खाली आहे, पण तक्त्याच्या आत आहे. जन्मापासूनची वजनं मांडली आणि ती एकाच रेषेला धरून वर जात असतील, तर ती तिची चण आहे. तुमची किंवा तिच्या बाबांची चण लहान असेल तर तेही मनात धरा. मूल जन्मतं तेव्हा साधारण तीन किलोचं असतं, वर्षाचं होईतो नऊ किलोचं होतं. म्हणजे एका वर्षात सहा किलो. दुसऱ्या वर्षात वाढतात दोन-अडीच किलो, आणि त्यानंतर दरवर्षी दोनेक किलो. शरीर वाढायचा वेग इतका मंदावतो तेव्हा भूकही मंदावणारच. पण आपल्या डोळ्यांसमोर दहा महिन्यांचं, चमचा दिसताच तोंड उघडणारं बाळ असतं. ‘आधी किती छान खायची’ हे वाक्य मी रोज ऐकते. खायचीच, कारण तेव्हा तिला तेवढं लागायचं.

आता दुधाचा हिशेब. तीन मोठे पेले म्हणजे पाऊण लिटर. साधं गायीचं दूध धरलं तरी साडेचारशे ते पाचशे कॅलरी झाल्या, म्हशीचं असेल तर आणखी पुष्कळ. या वयात दिवसाची गरज साधारण ११०० ते १३०० कॅलरींची. त्यात सहा-सात बिस्किटं, एक केळं आणि ते पाकीट धरा. मग मला सांगा, दुपारी एक वाजता तिला भूक लागावी तरी कशी? ती हट्टी नाही, तिचं पोट भरलेलं आहे. प्रथिनांची काळजीही नको. या वयाला दिवसाला १२ ते १६ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि तिच्या दुधातूनच त्याहून जास्त जातात.

दुधात जे नसतं ते म्हणजे लोह. जवळपास नसतंच, शिवाय दुधातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. ही फक्त गरीब घरांतली मुलं नव्हेत. दुधावर वाढलेली, गोरीगोमटी, गुबगुबीत दिसणारी मुलं माझ्याकडे येतात आणि हिमोग्लोबिन आठ-साडेआठ निघतं. लोह कमी झालं की भूक मरते. भूक मेली की आई म्हणते, निदान दूध तरी पिऊ दे. मग लोह आणखी घटतं. हा फेरा तोडायचा तर दिवसाचं दूध चारशे मिलिलिटरवर आणा, तेही पेल्याने. रात्रीची बाटली आधी बंद करा. तिने भूक जाते ती जातेच, पुढचे दातही किडतात.

आणि औषधाआधी रक्त तपासून घ्या. ती माती, खडू, भिंतीचा पोपडा असं काही तोंडात घालते का, हे आजींना विचारा; लोह कमी असलं की मुलं असं करतात. आजींना ते आईपेक्षा आधी कळतं. लोह कमी निघालं तर डॉक्टर मात्रा ठरवून देतील. तसं नसलं तरी सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं पातळ औषध असतं. ते अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मिळतं. जंताची गोळीही दिली जाते. पोट रोज साफ होतं का हेही पाहा. दूध जास्त आणि चोथा कमी, अशा मुलांना खडा होतो, आणि मळ साठलेल्या पोटाला अन्न नकोसं होतं. निम्म्या वेळा मला पहिला उपाय बद्धकोष्ठाचाच करावा लागतो.

भूक वाढवण्याच्या औषधाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मनाने देऊ नका. त्यांतली बरीचशी मुळात ॲलर्जीची औषधं आहेत. मूल गुंगतं, थोडे दिवस जास्त खातं, औषध थांबलं की पुन्हा होतं तिथे. काही ठरावीक आजारांत डॉक्टर ती देतात, ते वेगळं. तुमच्या लेकीची भूक कुठे हरवलेली नाही. ती दुधाखाली आणि बिस्किटांखाली दबली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, वाढणं आणि भरवणं. बाळ सहा महिन्यांचं होतं, उष्टावण होतं, तेव्हा आपण भरवतो. ते योग्यच आहे. पण वर्ष-सव्वा वर्षाचं मूल स्वतः घास उचलायला बघतं, तेव्हा भरवणं कमी होत जाऊन वाढणं सुरू व्हायला हवं. ते होत नाही. सांडेल, वेळ लागेल, पोटात काही जाणार नाही या भीतीने आपण चार-चार, पाच-पाच वर्षांच्या मुलांना भरवत राहतो. मग खाणं हे मुलाचं काम राहतच नाही, ते आईचं काम होतं. आणि जे काम आईचं आहे त्याला विरोध करणं हे तीन वर्षांच्या मुलाचं आवडतं काम असतं.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी ही जबाबदारी फार सुंदर वाटून दिली आहे. काय, केव्हा आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचं. मी हे आपल्या शब्दांत सांगते: वाढणं आपलं, खाणं तिचं. दोघांनी एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही. म्हणजे तिने ‘मला बिस्किटच हवं’ म्हटलं तर ते तुमच्या कामात हात घालणं झालं. आणि तुम्ही ‘अजून दोन घास’ म्हटलं तर ते तिच्या कामात.

हे ऐकून आया घाबरतात. सोडून दिलं तर मूल उपाशी राहील असं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी नेमकं हेच करून पाहिलं होतं. १९२८ साली त्यांनी पहिली निरीक्षणं छापली. नुकतंच दूध सुटणारी बाळं, एकंदर पंधरा. त्यांच्यापुढे तीसेक साधे पदार्थ आलटून-पालटून मांडले जात: धान्य, फळं, भाज्या, मांस, अंडी, दूध. दाईने चमचा घेऊन शेजारी बसायचं, पण बाळाने हात दाखवल्याशिवाय काही करायचं नाही. एखादं मूल एका जेवणात अंडीच अंडी खाई, दुसऱ्या वेळी नुसती केळी. पण महिन्यांचा हिशेब मांडला तर सगळी उत्तम वाढली. मात्र या प्रयोगाची दुसरी बाजू लोक विसरतात. मांडलेल्यात साखर नव्हती, मैदा नव्हता, पाकिटातलं काही नव्हतं. निवड मुलांची होती, पण मांडणी मोठ्यांची होती. घरात चिवडा-बिस्किटांचे डबे हाताशी ठेवून ‘मुलाला ठरवू दे’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

ढकलून खाऊ घातलं तर काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. लीन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर काम केलं. त्या आणि त्यांचे सहकारी यांच्या २००६ मधल्या एका प्रयोगात बालवाडीतल्या मुलांना दोन सूप दिली गेली, एक मक्याचं, एक भोपळ्याच्या जातीचं. एका सुपाच्या वेळी ‘संपव, संपव’ म्हटलं गेलं, दुसऱ्या वेळी काहीच नाही. ज्याचा आग्रह झाला ते मुलांनी कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. याहून जुनं, १९८४ चं एक निरीक्षण आहे. नवं पेय प्यायल्याबद्दल ज्या मुलांना बक्षीस मिळालं, त्यांना पुढे ते पेय जास्त नावडू लागलं. मूल साधा विचार करतं. हे खायला मला चॉकलेट द्यावं लागतं, म्हणजे हे नक्कीच वाईट असणार. ‘भाजी खा, मग चॉकलेट’ या सौद्यात भाजीची किंमत आपणच खाली आणतो.

माझा मोठा मुलगा अडीच वर्षांचा असताना मी त्याला असंच भरवत होते. शिक्षण होतं, पदवी होती, तरी भरवत होते. तो घास गालात धरून अर्धा अर्धा तास बसायचा, आणि एकदा मी त्याचं नाक दाबून तोंड उघडायला लावलं. त्याच्या डोळ्यांत मला त्या दिवशी जे दिसलं ते मी विसरलेले नाही. म्हणून जी आई माझ्यासमोर ‘मी मारलं हो त्याला जेवणावरून’ म्हणत रडते, तिला मी रागवत नाही. पण ते थांबायला हवं हे तिला नक्की सांगते.

तर प्रत्यक्षात काय करायचं? जेवणाच्या वेळा बांधा. सकाळी आठला नाश्ता, अकराला फळ, एकला जेवण, साडेचारला मधलं खाणं, साडेसातला रात्रीचं जेवण. दूध नाश्त्याबरोबर एकदा आणि संध्याकाळी एकदा, दोन्ही वेळा छोट्या पेल्यात. मधल्या वेळात फक्त पाणी. ‘एक बिस्किट खाल्लं तर काय होतं’ असं वाटेल, पण बारा वाजता खाल्लेली दोन बिस्किटं एकचं जेवण घालवतात. वेळ झाली की सगळ्यांबरोबर ताटावर बसवा. खाली पाटावर किंवा टेबलाशी, पण एका जागी, पाय टेकलेले. पंचवीस-तीस मिनिटं. मोबाइल, टीव्ही बंद, आणि तो बाबांचाही बंद. भारतीय बालरोग अकादमी दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून एक तासापेक्षा जास्त पडदा नको म्हणते. तुमच्याकडे तो सगळा तास जेवणातच जातो, आणि पडद्याकडे बघणाऱ्या मुलाला तोंडात काय आलं हे कळतच नाही. चव कळली नाही तर आवड कुठून लागणार?

वेळ संपली की ताट उचलायचं. न रागवता, न सुस्कारा टाकता. ‘झालं तुझं? बरं. आता साडेचारला खाऊ.’ एवढंच. ती अर्ध्या तासाने भूक भूक करत येईल. तेव्हाही हेच वाक्य, मांडीवर घेऊन, मायेने. इथेच बहुतेक घरं हरतात. मूल रडतं, आजी म्हणतात ‘लेकराला उपाशी मारता का’, आणि दुधाचा पेला येतो. तो पेला आला की तीन दिवसांची मेहनत गेली, कारण मुलीला कळलं की पाऊण तास रडलं की दूध मिळतं.

पहिले तीन-चार दिवस अवघड जातील, हे आधीच सांगते. ती खरोखरच कमी खाईल. वजन शे-दोनशे ग्रॅमने हलेल, त्याला घाबरू नका, रोज वजनकाट्यावर चढवूही नका. पाणी पिते आहे, लघवी नेहमीसारखी होते आहे, खेळते आहे, एवढं बघा. पाचव्या-सहाव्या दिवशी बहुतेक मुलं एखाद्या जेवणाला स्वतःहून हात घालतात. काहींना पंधरा दिवस लागतात. ताप, जुलाब असताना मात्र हे सुरू करू नका, आणि लग्नकार्य, प्रवास, नवी शाळा अशा गडबडीतही नको.

आजींशी वेगळं बोला, आणि सुनेने सासूला शिकवल्यासारखं नको. शक्य तर डॉक्टरांकडे त्यांनाच सोबत न्या. भरवणं हे त्यांच्या मायेचं रूप आहे. ते काढून घेतलं तर त्यांच्या हाती दुसरं काहीतरी द्यायला हवं. नातीला शेजारी बसवून शेंगा सोलणं, कोथिंबीर निवडणं, पिठाची छोटी गोळी देऊन लाटायला लावणं ही कामं आजींइतकी छान कुणाला जमत नाहीत. चिऊ-काऊचे घासही बंद करू नका. फक्त तो घास चिऊने नातीच्या ताटात ठेवायचा, तोंडात नाही. आजोबांना पाकिटाऐवजी दुसरं आणायला सांगा: पेरू, बोरं, जांभळं, मक्याचं कणीस, राजगिऱ्याची वडी. त्यांना नातीचा हसरा चेहरा हवा असतो, पाकिटाशी त्यांचं काही नातं नसतं. शनिवारी तिला घेऊन मंडईत जावं आणि एक भाजी तिला निवडू द्यावी, हे काम मी आजोबांनाच देते.

आता भाजी. दोन ते सहा वर्षांपर्यंत नव्या पदार्थाची भीती वाटणं हा वाढीचाच भाग आहे. चालायला लागलेलं मूल आईच्या नजरेआड जातं. ते दिसेल ते पान, दिसेल ते फळ तोंडात घालू लागलं असतं तर वाचलं नसतं. म्हणून या वयात अनोळखी, हिरवं, कडवट असं काही दिसलं की मूल मागे सरतं. कडू चव मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त झोंबते, आणि काही मुलांना तर जन्मतःच जास्त. मेथीची जी भाजी तुम्हाला खमंग लागते ती तिला खरोखर औषधासारखी लागत असेल. नाटक करत नाही ती.

ही भीती ओळखीनेच जाते. एखादा पदार्थ मुलाने स्वीकारायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, कधी त्याहून जास्त. बहुतेक घरांत तीन वेळा होतं आणि मग ‘तिला दुधी आवडत नाही’ असा शिक्का बसतो. शिक्का बसला की दुधी पुन्हा तिच्या ताटात येतच नाही. यावर आपल्याकडे केवढी चांगली सोय आहे बघा. आपलं ताट. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी, उसळ. मध्ये भात, पोळी. प्रत्येक गोष्ट थोडी-थोडी, आणि आवडो न आवडो, पानात सगळं वाढलं जातं. तोंडी लावायला म्हणजे पोट भरायला नव्हे, नुसतं तोंडाला लावायला. ही मांडणी लहान मुलासाठी मला जगातली सर्वांत शहाणी मांडणी वाटते, आणि आपण मुलाला मात्र एका वाटीत सगळं कालवून देतो.

तेव्हा तिला छोटं ताट द्या. भाजी हरभऱ्याच्या दाण्याएवढी वाढा, खरंच तेवढीच. ढीग बघूनच मूल बिथरतं. एखादा पदार्थ तिला नक्की खाता येईल असा ठेवा, साधा वरणभात किंवा पोळी-तूप, म्हणजे ती उपाशी उठणार नाही. मग भाजीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. ‘बघ, बाबा कसे खातात’ हेही नको. बाबांनी नुसतं खावं. तिने भाजी बाजूला सारली, चालेल. बोटाने दाबून पाहिली, उत्तम. जिभेला लावून थुंकली, तर मनातल्या मनात आनंद माना. थुंकणं हे नकारापेक्षा होकाराच्या जवळचं आहे. माझ्याकडे एक चार वर्षांचा मुलगा यायचा. त्याच्या आईने लाल भोपळ्याची भाजी एक दिवसाआड अशी वाढली. सहाव्या वेळी त्याने ती ताटाबाहेर टाकली नाही. अकराव्या वेळी वास घेतला. चौदाव्या वेळी, कुणाचं लक्ष नसताना, खाल्ली. आईने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मला त्या बाईचा फार आदर वाटतो.

तुमच्या लेकीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि तीच मला भाजीपेक्षा मोठी वाटते. ती मिक्सरमधलं खाते. तिला चावायची सवयच लागलेली नाही. आठ ते दहा महिन्यांच्या सुमारास मुलाला थोडं दाणेदार, कुस्करलेलं अन्न द्यायला लागायचं असतं. तो काळ निसटला की पुढे कण लागला तरी उबळ येते. साडेतीन वर्षांनाही हे सुधारतं, फक्त पायरीपायरीने. मिक्सर आठवडाभराने बंद, त्याऐवजी डावाने घोटलेला भात. मग हाताने कुस्करलेला. मग शीत मोकळं दिसेल असा. त्याचबरोबर चावायची कामं वेगळी द्या: भाकरीचा कडक पापुद्रा, मऊ उकडलेल्या गाजराची कांडी, शेवग्याची शेंग चोखायला. शेवगा तर मुलांना खेळणंच वाटतो. घास पुढे आला, थोडी उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं तर घाबरून बोट घालू नका, शांत राहा. पण अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या इतक्यात नकोत. त्या श्वासनळीत अडकतात. शेंगदाण्याचं कूट चालतं, द्राक्षं उभी चिरून चालतात. आणि पळता पळता खाणं कधीच नको.

भाज्यांपैकी सुरुवात गोडसर चवीने करा. लाल भोपळ्याचं भरीत दह्यातलं, गाजर, मटार किंचित चेचून, रताळं, बीटाची कोशिंबीर. दह्यातल्या कोशिंबिरी मुलं लवकर स्वीकारतात. मग कुरकुरीत: कोथिंबिरीची वडी, अळूवडी, मेथीची मुटकुळी, दुधीचं थालीपीठ. चिकट भेंडी आणि बुळबुळीत वांगं मागे ठेवा. भेंडी परतून कडक केली तर तीही पुढे घेता येईल. कारल्याची घाई कशाला?

भाजी लपवून द्यावी का, असं बरेच जण विचारतात. थालीपिठात पालक घालणं म्हणजे लपवणं नव्हे. तो आपला रोजचा स्वयंपाक आहे, आणि हिरवे ठिपके तिला दिसतात. ‘काय आहे यात?’ तिने विचारलं तर ‘पालक आहे’ असं खरं सांगा. पण चोरून वाटून घालायचं आणि वर ‘काही नाही गं त्यात’ म्हणायचं, हे करू नका. ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी ती थालीपीठही सोडेल, आणि मग खाण्यातले विश्वासाचे जे चार-पाच पदार्थ उरलेत त्यांतला एक जाईल.

सगळा भार भाजीवर टाकूही नका. मोडाच्या मुगाची किंवा मटकीची उसळ, वर लिंबू पिळून. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने उसळीतलं लोह चांगलं अंगी लागतं. चहाने मात्र उलट होतं, लोह अंगी लागत नाही. म्हणून जेवणाबरोबर चहा नको, अगदी पोळी बुडवण्यापुरताही. अंडं चालत असेल तर रोज एक. मासे खाणाऱ्या घरात काटा काढलेला मासा. नाचणीची भाकरी किंवा सत्त्व: शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तेव्हा दूध कमी केलं म्हणून हाडांची चिंता नको. तिळाची चटणी, हळिवाचा छोटा लाडू, गूळ-कूट लावलेली पोळी, डोसा, घावन. ज्या दिवशी ती पेरू, पपई, संत्रं खाते त्या दिवशी पालेभाजी राहिली म्हणून रात्री जागू नका.

गोडाबद्दलही आपली जुनी पद्धत मला पटते. आपल्याकडे शिरा, श्रीखंड, खीर शेवटी बक्षीस म्हणून येत नाही, पानातच वाढली जाते. सणाला तसंच करा. एक छोटी वाटी, बाकी जेवणाबरोबरच. तिने ती आधी खाल्ली तर खाऊ द्या. दुसरी नाही. चार-पाच वेळा असं झालं की गोडाचं आकर्षण एवढं राहत नाही.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्यास यातलं काहीही करत न बसता बालरोगतज्ज्ञांकडे जावं. वजन आपल्या रेषेवरून खालच्या रेषेकडे घसरतंय. गिळताना ठसका लागतो, दर जेवणाला उलटी होते. महिनोन्महिने पातळ शौच, पोट फुगलेलं. खाण्याचे पदार्थ कमी कमी होत दहा-बारावर आले आहेत आणि एखादा सुटला की परत येत नाही. एका विशिष्ट रंगाचं किंवा एकाच पाकिटातलंच चालतं, बोलणं उशिरा आहे, नजर देत नाही, हाताला चिकट लागलं तरी किंचाळते. अशा मुलांची अन्नाबद्दलची संवेदना वेगळी असते. त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे खाण्यासारख्या रोजच्या क्रिया सरावाने शिकवणाऱ्या तज्ज्ञाची मदत लागते, आणि ‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला त्यांच्यासाठी धोक्याचा आहे. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही. पण मिक्सर सोडताना रोज उलटी होऊ लागली तर थांबा आणि दाखवून घ्या.

एक वही करा. तिच्यात ‘काय खाल्लं’ असं लिहू नका, ‘काय वाढलं’ असं लिहा. आज दुधी, दाण्याएवढा, तिसऱ्यांदा. आज मटार, पहिल्यांदा. रक्ताचा अहवाल आणि ती वही तीन आठवड्यांनी मला पाठवा. पुढचं त्यावर ठरवू.